टाका उसवण्याआधी

कुंदा, तुझ्या पुस्तकांना भोकं आहेत म्हणून वाचनालयाने ती नाकारली.

मी स्वतः गेले होते विचारायला. तुझा सचिन महिनाअखेरीला खोली रिकामी करतोय. शिलाई मशीन त्याची बायको नाशिकला नेणार आहे, पण कपाटभर पुस्तकं कुणालाच नकोत. नमुना म्हणून सहा पुस्तकं पिशवीत घालून नेली. तिथल्या गृहस्थांनी एक उघडलं, शेवटची पानं उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बाई, कसर लागलीय याला." मी म्हटलं, "कसर नाही हो, सुई लागलीय." त्यांना काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही. पिशवी उचलली आणि परत आले.

तू कशाने गेलीस, किती दिवस अंथरुणाला होतीस, हे आपल्या मनवेलपाड्यात सगळ्यांना माहीत आहे. ते लिहायला मी बसलेले नाही. तेराव्याला जो तो उठून एकच सांगत होता, की कुंदाताईंनी चाळीतल्या बायकांना वाचायला लावलं आणि बायका पुढे आल्या. असं म्हणून माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली, कारण तेराव्याला वाद घालत नाहीत. पण आपला वाद तुझ्याबरोबर संपलेला नाही. वाचून माणूस पुढारी होतो का, हे मला अजूनही ठरवायचं आहे. शिवाय तुझ्या एका प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं होतं. तेही डोक्यात आहे.

आपली ओळख ब्लाऊजवरून झाली. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. चाळीला नवा रंग होता आणि रस्त्याला अजून डांबर नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, तू भिंतीपलीकडची शिंपीण. नणंदेच्या लग्नाचा ब्लाऊज न्यायला आले, तर तू डोळेही वर न करता म्हणालीस, "गुरुवारी."

"आज म्हणाली होतीस."

"गुरुवारी गं. तोवर हे वाच," म्हणून एक पिवळं पडलेलं पुस्तक माझ्या हातात कोंबलंस.

मी ते रागारागात वाचलं. एक बाई दोन मुलं घेऊन पावसापाण्याची माहेरी येते. दार ठोठावते. भाऊ दार उघडतो. आणि पुढची सगळी पानं कडेने शिवलेली! पांढऱ्या दोऱ्याने, सरळ धावदोरा. मी तशीच तुझ्या दारात.

"फाटकं पुस्तक दिलंस?"

"फाटकं नाही, शिवलंय. आता सांग, त्या बाईने काय करावं? सांगितलंस की टाका उसवते."

"काय करावं म्हणजे? भावाला कोर्टात खेचावं. वाटा मागावा. झालं."

"भावाची बायको आत काय करते आहे?"

"ते पुस्तकात नाही."

"म्हणून तर तुला विचारते."

दाराशी मथुराबाई बसली होती, पाचूबंदरची कोळीण. पाटी उतरवून कुणासाठी तरी बोंबील साफ करत होती. तिने विळीवरून मान वर केली. "ताय, भावजय च्या ठेवते का ते बघायचं आदी. च्या ठेवली तं रावाचं. नाय ठेवली तं सांजच्या गाडीनं मागारी."

तू खळखळून हसलीस. मथुराबाईला अक्षरओळख नाही, तू तिला दुपारी वाचून दाखवायचीस, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं, की मासे विकणारीने माझ्यापेक्षा बरं उत्तर दिलं आणि मला ते लागलं. तू ब्लेड घेऊन टाका उसवलास. घरी जाऊन वाचलं. माझं उत्तर चुकलं होतं. मथुराबाईचंही चुकलं होतं. पण तिच्या चुकीत दम होता.

मग तो परिपाठच झाला. पुस्तकाच्या टाक्यापाशी पोचले की मी भिंतीवर दोनदा टकटक करायची. पलीकडून मशीनचा आवाज थांबायचा. म्हणजे तुला कळलं. मग उत्तर सुचलं की मी तुझ्या दारात यायची, तू ऐकायचीस, पेन्सिलीने मापांच्या वहीत काहीतरी खरडायचीस आणि ब्लेड काढायचीस. कुणाच्या तरी बाह्यांचं माप टिपतेस, असंच मी धरून चालले.

ही कल्पना कुठून आली, एकदा विचारलं होतं मी. तू म्हणालीस, लहानपणी तुला पुस्तकं मिळायची ती वाण्याकडची. मागची पानं त्याने पुड्यांसाठी आधीच फाडलेली असायची. "शेवट नसला की विजू, डोकं रात्रंदिवस चालतं. शेवट आला की झोप लागते." मला ते पटलं नव्हतं. झोप लागावी म्हणूनच लोक वाचतात, असं मी म्हटलं होतं.

आपला खरा वाद त्यावरूनच. तू म्हणायचीस, दुसऱ्याच्या जागी उभं राहून निर्णय घ्यायची सवय लागली, की माणूस चार माणसांना पुढे नेऊ शकतो. मी म्हणायची, चार माणसांना पुढे नेतो तो मोठ्या आवाजाचा, ज्याला उन्हात उभं राहता येतं तो. पुरावा म्हणून मी पहिल्या मजल्यावरच्या शालनकडे बोट दाखवायची. तुझं निम्मं कपाट तिने वाचून संपवलं आणि अजूनही ती नळावर नंबर मोडते. त्यावर तू म्हणायचीस, "शालन टाके स्वतःच उसवते गं. मला कळतं, दोरा माझा नसतो परत शिवलेला." म्हणजे तुझ्याकडे प्रत्येक आक्षेपाला उत्तर होतं. ब्लाऊज मात्र वेळेवर नव्हता.

आता टँकरचं.

तो उन्हाळा तुला आठवत असेल. टँकर तीन-तीन दिवस फिरकत नव्हता. चाळीच्या मधल्या जागेत बायकांची बैठक झाली आणि हात वर करून मला पुढारी केलं. कारण माझा आवाज मोठा. मी बेत सांगितला. टँकर आला की ड्रायव्हरकडून चावी काढून घ्यायची. पाणी खात्याचे साहेब येऊन टँकरचे वार कागदावर लिहून देत नाहीत तोवर चावी द्यायची नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागच्या रांगेत होतीस. तू चारचौघांत कधी बोलायची नाहीस. तरी उठलीस.

"विजू, हा टँकर आपल्याकडून पुढे कुठे जातो?"

"कुठे का जाईना."

"नाही, पण तिथे कुणीतरी वाट बघत असेल."

मला घाई होती. बैठक हातातून निसटते आहे असं वाटलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कुंदा, ही कादंबरी नाही. आणि एवढं वाचून पुढारी होता आलं असतं तर आधी तू झाली असतीस. तुला तर कचेरीत स्वतःचं नाव सांगताना धाप लागते."

बायका हसल्या. तू बसलीस. पदराने कपाळ पुसलंस एवढंच. त्यानंतर दहा-बारा वर्षं आपण भिंतीला भिंत लावून राहिलो, एकमेकींच्या घरी जेवलो, तुझ्या सचिनच्या लग्नात मी पंगती वाढल्या, पण त्या वाक्याचा विषय ना तू काढलास ना मी. ते वाक्य मी मागे घेते. उशीर झालाय, पण गुरुवारी म्हणून पुढच्या महिन्यात ब्लाऊज देणाऱ्या बाईने मला उशिराबद्दल बोलू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. ड्रायव्हर गरीब होता. चावी त्याने जवळजवळ आपणहून दिली आणि सावलीला जाऊन विडी पेटवली. मी चावी कनवटीला लावली आणि ऊन चढेपर्यंत उभी राहिले. साहेब आले नाहीत. आल्या त्या नाल्यापलीकडच्या चाळीतल्या बायका. तीस-चाळीस जणी, हंडे-कळशा घेऊन. टँकर आपल्याकडून पुढे त्यांच्याकडे जात होता.

सगळ्यांत पुढे एक उंच बाई. डोक्याला शिकेकाई लावून न्हायला बसली आणि पाणी संपलं, म्हणून तशीच आलेली. शिकेकाई केसांत वाळून पांढरी झाली होती.

"ए बाई, चावी दे. माझं डोकं सुकलं इथे."

आपल्या बायका मागून ओरडायला लागल्या. "देऊ नको गं विजू!" "आधी आमचं!" शालनचा आवाज सगळ्यांत वर होता. त्यांच्याकडून एकीने हंडा खाली आपटला. आता एक शब्द वाकडा गेला की डोकी फुटणार, हे मला दिसत होतं. आणि तो शब्द माझ्या जिभेवर आलेला होता, तोही मला माहीत आहे.

मी बोलले नाही. पाच-सात सेकंद गेले असतील. मग विचारलं, "तुमच्याकडे किती दिवस नाही पाणी?"

"पाच."

आमच्याकडे तीन होते.

मी कनवटीची चावी काढली, ड्रायव्हरला दिली आणि म्हटलं, आधी त्यांच्याकडे जा, निम्मं सोड, उरलेलं इथे आण. आपल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. मी त्या उंच बाईला म्हटलं, "डोकं धू आणि दुपारी तुमच्या सगळ्यांना घेऊन कचेरीवर ये. आम्ही निघतोय." ती आली. केस ओलेच होते. दोन चाळींचे हंडे एकत्र बघून साहेब बाहेर आले आणि वार कागदावर लिहून दिले. तो कागद त्या उन्हाळ्यापुरता पाळला गेला. पुढच्या उन्हाळ्यात परत जावं लागलं, पण तेव्हा आम्ही दोन चाळी नव्हतो, सात होतो.

तिथून पुढचं तुला माहीत आहे. पाण्याच्या ताई म्हणून लोक मला ओळखायला लागले ते त्या दिवसापासून.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले होते. तू हुक लावत बसली होतीस. मान वर न करता विचारलंस, "विजू, कसं गं सुचलं तुला?"

"सुचलं झालं. त्याला डोकं लागतं, पुस्तकं नाहीत."

तू दातांनी दोरा तोडलास. "बरं," म्हणालीस. आणि जाताना पुढचं पुस्तक हातात दिलंस, शिवलेलं.

हेच ते खोटं उत्तर. खोटं अशासाठी की कसं सुचलं ते मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला मी तयार नव्हते.

आता या आठवड्याचं ऐक. सचिनला आवरायला मदत करत होते तर मशीनच्या खणात तुझ्या मापांच्या वह्या सापडल्या. अकरा. डावीकडच्या पानावर तारीख, छाती, कंबर, बाही. उजवीकडचं पान उघडलं. त्यावर आम्ही होतो. आमच्यापैकी प्रत्येकीने टाक्यापाशी येऊन दिलेलं प्रत्येक उत्तर तू लिहून ठेवलं होतंस. पुस्तकाचं नाव नाही, फक्त बाईचं नाव आणि तिने काय सांगितलं ते.

मला वाटलं, झालं, आता आपल्या वादाचा निकाल लागतो. वाचून माणूस घडतो असं तुझं म्हणणं असेल, तर माझी उत्तरं हळूहळू शहाणी होत गेलेली दिसली पाहिजेत. मी चष्मा लावून क्रमाने वाचत गेले.

"विजू: भावाला कोर्टात खेचावं."
"विजू: मास्तरला गावातून हाकलून द्यावं."
"विजू: तिने नवऱ्याला सोडावं, मागे बघू नये."
"विजू: होडीच्या मालकाला सगळ्यांनी मिळून चोपावं."

हे शेवटचं उत्तर टँकरच्या महिन्यातलं. म्हणजे तीन वर्षं तुझी पुस्तकं वाचून माझी अक्कल चोपण्यापर्यंतच पोचली होती. टँकरनंतरची उत्तरं मात्र वेगळी. "विजू: आधी त्याच्या आईला भेटावं." "विजू: दोघांनाही एकत्र बसवावं, पण गावात नाही, बाहेर." एका ठिकाणी तर, "विजू: सांगता येत नाही म्हणाली." याचा अर्थ सरळ होता. मला पुस्तकांनी नाही, टँकरने शिकवलं. उन्हात उभं राहून शिकले. वाद मी जिंकले होते, कुंदा. आणि तुझ्या रिकाम्या खोलीत वह्यांच्या ढिगात बसून मला कुणाला सांगू असं झालं.

शुक्रवारी मथुराबाई आली. आता तिची पाटी सून घेते, ती नुसती बरोबर येते. तिला मी सगळं वाचून दाखवलं. तिची स्वतःची उत्तरं ऐकून ती खूश झाली. "मी बरी बोललीय गं!" मग माझी ऐकली. मी म्हटलं, "बघा, पुस्तकांचा काही उपयोग झाला नाही."

"आनि बाजूला आकडं हायत ते कशाचं?"

तिला वाचता येत नाही, पण आकडे येतात. मासे विकणारीला आकडे यावेच लागतात. प्रत्येक उत्तरापुढे बारीक आकडा होता, तो मी मापांपैकी समजून सोडून दिला होता.

"मला काय माहीत?"

"मना माहीत. तू भितीवर ठोकायचीस ना? मंग जवाब घेऊन किती दिसांनी आलीस, ते ती लिवायची. मना बोललेली ती. विजू लय घायची हाय, तिचं दीस मोजतंय मी."

मी वही परत पहिल्यापासून घेतली. कोर्टापुढे शून्य. मास्तरपुढे शून्य. नवऱ्याला सोडण्यापुढे एक. मग एक, एक, दोन. होडीच्या मालकाला चोपावं, हे सांगायला मला चार दिवस लागले होते.

चार दिवस! इतकं वाईट उत्तर आणि त्याला चार दिवस. मला ते चार दिवस आता आठवत नाहीत. पण शाळेत हजेरीपत्रक भरताना, भाजी निवडताना, मी त्या होडीच्या मालकाभोवती फिरत असणार. तो असं का करतो, त्याची बायको काय म्हणेल, चोपलं तर दुसऱ्या दिवशी होडी कोण काढेल. आणि शेवटी कंटाळून चोपा म्हणाले असेन. उत्तरं शहाणी झालीच नव्हती. थांबणं मात्र वाढत होतं, आणि मोजणारी भिंतीपलीकडे बसली होती.

शालनचीही पानं बघितली. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत शून्य.

म्हणून आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. कसं सुचलं, विचारलं होतंस. मला काही सुचलं नव्हतं. ती बाई वाळक्या शिकेकाईनिशी समोर उभी राहिली आणि मी टाक्यापाशी आल्यासारखी थांबले. पुढचं पान उघडत नाही तेव्हा जसं थांबावं लागतं, तसं. त्या पाच-सात सेकंदांत डोक्यात एकच प्रश्न होता, तोही माझा नव्हता. तिच्या घरात आत काय चाललंय, हा तुझा प्रश्न. किती दिवस पाणी नाही हे विचारलं ते तिथून आलं. आदल्या संध्याकाळी तू तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारलास आणि मी तुला खाली बसवलं.

वाद मात्र अजून पूर्ण सुटत नाही, हेही सांगते. मथुराबाईच्या उत्तरांपुढेही पहिल्यापासून शून्य आहेत, आणि तिची उत्तरं पहिल्यापासून चांगली आहेत. पाचूबंदरला लिलावात उभं राहिलेल्या बाईला टाक्याची गरज नसावी. किंवा तिचं थांबणं आपल्याला मोजता येत नसावं. तू असतीस तर यावर दोन दुपारी गेल्या असत्या.

कपाटाच्या वरच्या फळीवर एक पुस्तक होतं. दोरा नवा, टाके जरा मोठे. अंथरुणाला होतीस तेव्हाचे असावेत. आत चिठ्ठी, "विजू". ते मी घरी आणून वाचलं. दोन बहिणींची गोष्ट आहे. धाकटी गाव सोडून निघालेली, थोरली बसथांब्यापर्यंत आलेली, आणि बस लांबून दिसायला लागलेली. तिथे टाका. मी सवयीने भिंतीवर दोनदा टकटक केली.

पलीकडून सचिन धावत आला. हातात सुतळी, तो खोकी बांधत होता. "काकू, काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. काही नाही."

"उद्या रद्दीवाल्याला बोलावलंय पुस्तकांसाठी. चालेल ना?"

"त्याला सांग येऊ नको. कपाट माझ्याकडे लाव. या भिंतीला."

"काकू, तुम्ही तर म्हणायच्या की…"

"काय म्हणायचे ते मला माहीत आहे. उचल."

कपाट आता भिंतीच्या अलीकडे आहे. काल दहा नंबरमधली नवी सून आली होती. तिला सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीचा राजीनामा मागायचाय, उद्याच्या उद्या. तिला मी एक पुस्तक दिलं. शिवण मला कधीच जमली नाही. टाका वाकडा गेलाय आणि एक पान मधूनच फाटलं. तरी तिने नेलं.

मी स्वतः बहिणींच्या टाक्यावर थांबलेय, आज तिसरा दिवस आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ब्लेड तुझ्याच खणातून आणून ठेवलंय. शुक्रवारी मथुराबाई येईल. आधी तिला सांगेन, तिचं ऐकेन, आकडा वहीत लिहीन. मग उसवेन.